शिंगं रंगवलेला नायट्रोजन

उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवरून फिरताना कधी कधी काठाशी हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसते. फुटाळा असो, अंबाझरी असो, की भंडाऱ्याकडचा एखादा मामा तलाव, बघणारा ‘शेवाळ झालं’ म्हणतो आणि पुढे जातो. पण सायीत मायक्रोसिस्टिस नावाचा सूक्ष्मजीव असेल तर तो हवेतला नायट्रोजन वापरूच शकत नाही. ॲनाबिना नावाचा दुसरा असेल तर वापरू शकतो. रंग दोघांचा हिरवाच. सूक्ष्मदर्शकाखाली ॲनाबिनाच्या माळेत अधूनमधून जाड भिंतीच्या पेशी दिसतात, नायट्रोजनचं काम त्यांच्यात चालतं. मात्र कारखाना दिसला म्हणजे तो चालू आहे असं नाही, आणि चालू असला तरी माल किती निघतो हे नुसतं बघून कळत नाही.

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे आणि तो पाण्यातही विरघळतो. 20 अंशांना लिटरभर पाण्यात साधारण 15 मिलिग्रॅम असतो. अडचण त्याच्या जोडीची आहे. दोन अणूंनी एकमेकांना इतकं घट्ट धरलेलं असतं की ते सोडवायला खत कारखान्यांना 400 अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. ॲनाबिनासारखे जीव तेच काम तलावाच्या पाण्यात करतात, पण फुकट नाही. एक जोडी फोडायला पेशीला ऊर्जेची किमान 16 नाणी, म्हणजे एटीपीचे रेणू, मोजावे लागतात. म्हणून सांडपाण्यातून आयती ॲमोनिया मिळाली की ते हा उद्योग बहुधा थांबवतात. धानाच्या बांधीतल्या नीलहरित शेवाळांची ही कमाई शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी 1939 सालीच दाखवली होती. प्रश्न मोजण्याचा होता.

नायट्रोजनच्या हजार अणूंत तीन-चार थोडे जड असतात, 14 ऐवजी 15 वजनाचे. ते किरणोत्सर्गी नाहीत, त्यांच्यापासून धोका नाही. पोळ्याच्या आधी आखरावर हजार बैल उभे आहेत आणि त्यातल्या तीन-चारांचीच शिंगं रंगवलेली आहेत असं समजा. आता बाहेरून एक कळप आणून सोडायचा, ज्यात जवळजवळ सगळ्यांची शिंगं रंगवलेली. दुसऱ्या दिवशी एखाद्याच्या गोठ्यात डोकावलं आणि रंगीत शिंगं नेहमीपेक्षा जास्त दिसली, तर त्याने आखरावरून बैल नेले हे उघड आहे. अमेरिकेत 1940 च्या दशकात जिवाणूंवर ही युक्ती वापरली गेली आणि 1961 मध्ये अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रावरचं काम प्रसिद्ध झालं.

करायचं काय, तर तलावाच्या पाण्याने बाटली काठोकाठ भरायची, हवा अजिबात नको. रबरी बुचातून सुईने जड नायट्रोजन आत सोडायचा आणि पाणी तलावात जितक्या खोलवरून घेतलं तिथेच बाटली 24 तास टांगून ठेवायची. पूर्ण दिवस-रात्र हवी, कारण काही जीव दिवसा कामाला लागतात तर काही रात्री. मग पाणी काचतंतूंच्या गाळणीतून गाळायचं, गाळणी सुकवायची, कथलाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून जाळायची आणि निघालेल्या वायूतल्या 28, 29, 30 वजनाच्या जोड्या वस्तुमान वर्णपटमापीत मोजायच्या.

हिशेब सोपा आहे. समजा, लिटरभर पाण्यातल्या जीवांत 100 मायक्रोग्रॅम नायट्रोजन होता आणि त्यातलं जड अणूंचं प्रमाण 0.37 वरून 0.41 टक्क्यांवर गेलं. वाढ 0.04. पाण्यात विरघळलेल्या वायूत जड अणूंचं प्रमाण 4 ने जास्त, म्हणजे 0.37 ऐवजी 4.37 टक्के होतं. 0.04 भागिले 4 म्हणजे शंभरावा भाग. दिवसभराची कमाई 1 मायक्रोग्रॅम.

पण ते ‘4’ आलं कुठून? वर्षानुवर्षं ते मोजलंच जात नव्हतं. वायूचा बुडबुडा सोडला की तो लगेच विरघळला असं गृहीत धरून आकडा मांडायचा, अशी पद्धत होती. बुडबुडा मात्र तासन्‌तास बुडबुडाच राहतो. जर्मनीतल्या कील इथल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे दाखवून दिलं. प्रत्यक्षात पाण्यात 4 नव्हे, सरासरी 2 टक्केच वाढ झाली असेल तर आपल्या उदाहरणातली कमाई थेट दुप्पट, 2 मायक्रोग्रॅम होते. वायू आधीच विरघळवलेलं पाणी बाटलीत घालायचं, हा त्यावरचा उपाय. 2012 मध्ये अटलांटिकमधल्या मोजणीवरून समुद्रांची वार्षिक कमाई सुमारे 10 कोटी टनांवरून 17.7 कोटी टनांवर नेऊन ठेवली गेली. मला तर या सगळ्या कथेत हा बुडबुडाच सर्वात आवडतो.

आणखी एक स्वस्त वाट आहे. आंबे पिकवायला लपूनछपून वापरतात त्या कार्बाइडमधून निघणारा ॲसिटिलीन बाटलीत सोडायचा. नायट्रोजन फोडणारं विकर त्याचं इथिलीन करतं आणि ते सहज मोजता येतं. पण किती इथिलीन म्हणजे किती नायट्रोजन, हे गुणोत्तर पाण्यागणिक बदलतं. झटपट अंदाजाला ठीक, हिशेबाला कच्चं.

जड वायूचंही सोवळं फार नाही. विकत मिळणाऱ्या काही साठ्यांत जड ॲमोनिया आणि नायट्रेट मिसळलेले असतात, असं 2014 मध्ये उघड झालं. ॲमोनिया तर कुणीही खातं. मग ज्याला जोडी फोडताच येत नाही त्या मायक्रोसिस्टिसचीही शिंगं रंगतात आणि कागदावर तो कमावता दिसतो. म्हणून नवा सिलिंडर आला की तलावावर जाण्याआधी त्याचीच तपासणी करावी लागते.