इफ्फीचा विद्यार्थी पास : अर्ज कसा करायचा, कागद कोणते, आणि आमच्याकडून जायचं कसं

"फिल्म पाहाले गोव्याले? अन् कापूस कोन येचन?"

बोनाफाईडसाठी फीची पावती मागितली तेव्हा बाबांनी हेच विचारलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, आता बहुतेक २० ते २८ नोव्हेंबरला पणजीत भरतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडे तेव्हा सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची पूजा, होऊन वेचणी भरात आलेली असते, आणि हिवाळी परीक्षाही त्याच सुमाराला. म्हणून पोर्टल उघडण्याआधी परीक्षेचं वेळापत्रक बघा. पेपर मधेच येत असेल तर जानेवारीतल्या पुण्याच्या महोत्सवाचा विचार करा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आधी पात्रता. वय १८ पूर्ण हवं, यात सूट नाही. महोत्सवातल्या फिल्म सेन्सॉरच्या प्रमाणपत्राशिवाय दाखवतात, म्हणून आत फक्त नोंदणी केलेली प्रौढ माणसं घेतात. बारावीतल्या पोरांनी थांबावं. विद्यार्थी गटासाठी मान्यताप्राप्त संस्थेत चालू वर्षाचा प्रवेश लागतो. मी बी.ए.चा, फिल्मचा कोर्स केलेला नाही, तरी पास मिळाला. शिक्षण सुटलेलं असेल तर सिनेप्रेमी गटातून भरता येतं. मी गेलो त्या वर्षी त्याचे जीएसटी धरून ११८० रुपये होते आणि विद्यार्थ्यांना शुल्क नव्हतं. गट आणि शुल्क त्या-त्या वर्षी जाहीर होतात. तेवढं पोर्टलवर वाचून मगच गट निवडा, नंतर बदलत बसणं त्रासाचं.

नोंदणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला इफ्फीच्या अधिकृत पोर्टलवर सुरू होते. ईमेल आणि मोबाईल टाकून खातं काढायचं, गट निवडायचा, माहिती भरायची, कागद चढवायचे. लागतं ते इतकंच : पासपोर्ट फोटो, आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र, कॉलेजचं आयकार्ड नाहीतर बोनाफाईड. ऐकायला सोपं आहे. माझा अर्ज तरीही परत आला.

झालं असं. आयकार्डावर माझं नाव बोर्डाच्या मार्कशीटसारखं, आडनाव आधी. आधारवर आडनाव शेवटी, आणि वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं. त्यात आयकार्ड मागच्या वर्षीचं, कारण नवीन छापून आलंच नव्हतं. पोर्टलवर तपासणाऱ्याला तुमच्या कॉलेजात आयकार्ड दिवाळीनंतर मिळतात हे कुठून माहीत असणार? मग बोनाफाईड काढायला गेलो. बाबू म्हणाले, "कायच्यासाठी पायजे?" फिल्म महोत्सवासाठी म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि स्कॉलरशिपचाच छापील नमुना भरून दिला. त्यावर "शिष्यवृत्तीकरिता" असं प्रयोजन, फोटो नाही, शैक्षणिक वर्ष कोरं. तो कागद घेऊन बारा किलोमीटर गावी आलो आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच अंतर परत गेलो.

तेव्हा बोनाफाईड हातात पडलं की खिडकीपाशी उभं राहूनच वाचा. नाव आधारप्रमाणे, चालू शैक्षणिक वर्ष, वर्ग, फोटोवर अर्धा आलेला गोल शिक्का, सही, जावक क्रमांक आणि तारीख. प्रयोजनात "चित्रपट महोत्सवात सहभागाकरिता" असं लिहून मागा. अर्जातलं नावही आधारवर आहे तस्संच टाका, कारण पणजीत पास घेताना मूळ ओळखपत्र बघतात. झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घेताना फाईल पोर्टलने सांगितलेल्या मापात बसवून मागा. मोबाईलवर तिरपा काढलेला, बोटाची सावली पडलेला फोटो चढवू नका.

अर्जात खातं काढताना ओळखीच्या सेतूवाल्याचा ईमेल कधीही देऊ नका. मंजुरी ईमेलवर येते आणि पुढची तिकिटंही त्याच खात्यातून काढायची असतात.

मंजुरीची वाट बघत रेल्वेचं तिकीट लांबवू नका. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १८ नोव्हेंबरला निघायचं तर १९ सप्टेंबरलाच मोबाईल घेऊन बसायचं. पास नाहीच आला तर रद्द करा, थोडे पैसे कापले जातील. आमच्याकडून यवतमाळ, तिथून एसटीनं धामणगाव किंवा वर्धा, पुढे नागपूर–मडगाव विशेष गाडी. ती विशेष असल्यानं त्या महिन्यात धावतेय का ते आधी बघा, नाहीतर मुंबईहून कोकण रेल्वे. पणजीला करमळी स्टेशन जवळ, मडगाव तीसेक किलोमीटर लांब. रेल्वेची घर ते कॉलेज प्रवासाची विद्यार्थी सवलत इथे चालत नाही. मुलींना एसटीत अर्धं तिकीट, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. राहायला मिरामारचं युथ हॉस्टेल स्वस्त पडतं, जागा आधी बोलून ठेवा.

पास गळ्यात आला म्हणजे खुर्ची मिळाली, असं नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक खेळाचं तिकीट आदल्या दिवसांत ठरलेल्या वेळी ऑनलाईन उघडतं आणि गाजलेल्या फिल्मचं बघता बघता संपतं. पहिल्या दिवशी मी आरामात चहा पीत होतो. उघडून बघतो तर सगळं लाल. मग बिनतिकिटाच्या रांगेत, आयनॉक्स या महोत्सवाच्या थिएटरच्या अंगणात पाऊण तास. रिकाम्या जागा उरल्या की त्या रांगेतून आत सोडतात. मला पहिल्या ओळीची कडेची खुर्ची मिळाली. मान वाकडी करून इराणमधली एक फिल्म बघितली. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, निम्मी सुटली. त्यातला म्हातारा शेताच्या धुऱ्यावर बसून नुसता समोर बघतो, तिथे मात्र अक्षरांची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिकिटाची वेळ आली की फोन हातात. आयनॉक्स ते कला अकादमी पायीच जाता येतं, रिक्षाला पैसे घालवू नका.

आता पुण्याचा जानेवारीतला महोत्सव, म्हणजे पिफ. तो २००२ पासूनचा. तिथे विद्यार्थ्यांना सवलतीत पास मिळतो, ओळखपत्र लागतंच. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस वर्धा, बडनेरा करत थेट पुण्याला नेते, त्यामुळे प्रवास सोपा.

कॉलेजच्या हजेरीसाठी जाण्याआधीच प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, त्याला मंजुरीच्या ईमेलची प्रिंट जोडा आणि पोच घ्या. आल्यावर दिलेला अर्ज आमच्याकडे फाईलला लागला, हजेरी लागली नाही.

आणि बाबांच्या प्रश्नाचं म्हणाल, तर दुसरी वेचणी आईनं आणि काकूनं उरकली. तिसरीच्या वेळी मी वावरात होतो, पास अजून गळ्यातच होता, काकूनं काढायला लावला.