दोन पॉइंट कमी हवा आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

मार्च संपत आला की नागपुरातल्या पेट्रोल पंपांवर, हवा भरायच्या रांगेत, एक वाक्य हमखास ऐकू येतं : "भाऊ, दोन पॉइंट कमीच ठेव, उन्हाळा लागला." उन्हानं हवा फुगेल, टायर फुटेल, म्हणून आधीच थोडी कमी भरायची, असा त्यामागचा हिशेब (पॉइंट म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप). माझ्या वडिलांनी आयुष्यभर हेच केलं, पुढे कित्येक वर्षं मीही केलं. हिशेब ऐकायला पटतो, पण तो साफ उलटा आहे. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारख्या आकारात उद्गारचिन्ह असलेला जो पिवळा दिवा टायरमधली हवा कमी झाल्यावर लागतो, तो अमेरिकेत गाड्यांमध्ये सक्तीचा झाला तोच मुळी कमी हवा आणि कडक ऊन एकत्र आल्यावर काय होतं हे पाहिल्यानंतर.

लोखंडी तार हातानं पुन्हा पुन्हा वाकवली की वाकते त्या जागी ती गरम होते. कमी हवेच्या टायरचं हेच होतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू जास्त दबते, पुन्हा ताठ होते, आणि रबर आतूनच तापत जातं. वेग वाढला, गाडीत माणसं-सामान भरलं, खाली रस्ता तापलेला असला, की ही उष्णता बाहेर पडायला वावच उरत नाही. कंपनी जो आकडा देते तो थंड टायरचा असतो. चालताना दाब वाढणार हे त्यात आधीच धरलेलं असतं. आपण कमी केलेले दोन पॉइंट टायरला थंड ठेवत नाहीत, उलट तापवतात.

अमेरिकेत हे २००० साली उघडकीस आलं. फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरांचा रस्त्याला टेकणारा थर धावत्या गाडीत सुटून येत होता आणि उंच बांध्याच्या या गाड्या उलटत होत्या. अशा घटना टेक्सास, फ्लोरिडा, अॅरिझोना यांसारख्या उष्ण राज्यांत जास्त घडल्या. ऑगस्ट २००० मध्ये लाखो टायर परत मागवण्यात आले. पुढे मृतांचा आकडा अडीचशेच्या वर गेला. टायरच्या घडणीत दोष होताच, पण हवेचा मुद्दाही तितकाच गाजला : फोर्डनं या गाडीसाठी २६ पॉइंटची शिफारस केली होती, टायर कंपनीचा आग्रह ३० चा होता. विदर्भातल्या माणसानं हा तपशील दोनदा वाचावा, कारण आपला उन्हाळा टेक्सासपेक्षा सौम्य नाही.

१ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा गाडीत असावी, असं त्यातून ठरलं. नियम काढायला मात्र वेळ लागला. पहिल्या नियमानं कंपन्यांना एक सैलसर पर्याय ठेवला होता, त्याविरुद्ध ग्राहकांच्या बाजूच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि २००३ मध्ये न्यायालयानं तो नियम रद्द केला. २००५ मध्ये जो पक्का झाला त्यात चारपैकी कोणत्याही टायरमधला दाब ठरलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के खाली गेला की २० मिनिटांच्या आत दिवा लागलाच पाहिजे, असं आलं. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना तो लागू झाला. युरोपनं २०१४ पर्यंत तेच केलं. तंत्र त्याआधीचं होतं. १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये ते होतं, पण तेव्हा ती महागड्या गाडीची चैन होती.

दिवा लागतो तो दोन रीतींनी. एकीत प्रत्येक चाकाच्या आत सेन्सर असतो, तो दाब मोजून रेडिओनं कळवतो. त्याची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते. दुसरीत आत काहीच नसतं. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं म्हणून जास्त फेरे घेतं, आणि एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर ते ओळखतात. ही स्वस्त पद्धत चारही टायर सारखेच उतरले तर फसू शकते, शिवाय हवा भरल्यावर तिला नव्यानं शिकवावं लागतं. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुधा हवा नव्हे, यंत्रणाच बिघडलेली असते. सेन्सर चुकतात हे नागपूरकरांना सांगायला नको. मे २०२४ मध्ये रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि तो सेन्सरचा बिघाड असल्याचं हवामान खात्याला सांगावं लागलं होतं.

पण स्थिर दिव्याला "सेन्सर खराब असेल" म्हणून सोडून देऊ नये. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे दिवा लागतो आणि दुपारी विझतो, त्यावरून अनेकांचा हाच समज होतो. हिशेब करून पाहा. ऑक्टोबरच्या दुपारी गाडी फिरवून आपण पंपावर गेलो, टायरमधली हवा ५० अंशांवर होती आणि ३३ पॉइंट भरले. थंडीत १० अंशांच्या पहाटे तीच हवा २७ दाखवते. मधल्या महिन्यांत रबरातून दोनतीन पॉइंट आपोआप झिरपतात. झाले २४, आणि ३३ च्या पंचवीस टक्के खाली म्हणजे पावणेपंचवीस. दुपारी ऊन चढल्यावर दिवा विझतो, पण हवा भरलेली नसते, नुसती तापलेली असते. उन्हाळ्यात तर हे झाकलेलंच राहतं. म्हणून मोजायचं ते सकाळी, गाडी हलवण्याआधी, आणि आकडा घ्यायचा तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा.

आपल्याकडे हा दिवा नियमांत आला तो स्टेपनीच्या वाटेनं. स्टेपनी हा शब्दसुद्धा वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाक बनू लागलं. जुलै २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं, म्हणजे नागपूरच्याच खासदारांच्या खात्यानं, मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि दाब सांगणारी यंत्रणा असेल, तर छोट्या प्रवासी गाड्यांना जादा चाकाची सक्ती ऑक्टोबर २०२० पासून उरली नाही. अशा गाडीत दिव्याकडे दुर्लक्ष झालं तर मागे चाकही नसतं.

आणि आता दारात समृद्धी महामार्ग आहे. काँक्रीटचा, ७०१ किलोमीटरचा, मोटारींना ताशी १२० ची मुभा. अमेरिकी नियमानं दिव्याला दिलेली ती २० मिनिटं या वेगात ४० किलोमीटर होतात. महामार्ग जिथे सुरू होतो त्या नागपूरजवळच्या शिवमडक्याहून निघालेली गाडी तोवर वर्धा जिल्ह्यात शिरलेली असते.