क्वार्कांचे वस्तुमान आणि चुंबकीय परिबल

क्वार्क हे प्रबल परस्परक्रियेत भाग घेणारे मूलकण असून अप, डाउन, स्ट्रेंज, चार्म, बॉटम आणि टॉप असे त्यांचे सहा प्रकार मानले जातात. त्यांचा विद्युत् भार प्रोटॉनाच्या भाराच्या +२/३ किंवा −१/३ पट आणि परिवलन (स्पिन) १/२ असते. ही कल्पना मरी गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. क्वार्क सुटा मिळत नसल्यामुळे त्याचे वस्तुमान वा चुंबकीय परिबल (कण किती प्रबळ चुंबकासारखा वागतो त्याचे माप) थेट मोजता येत नाही. दोन्ही राशी हॅड्रॉनांच्या (क्वार्कांनी बनलेल्या, प्रोटॉनासारख्या कणांच्या) गुणधर्मांवरून व सिद्धांताच्या आधारे काढाव्या लागतात आणि म्हणूनच 'क्वार्काचे वस्तुमान' ही संज्ञा ग्रंथांत दोन निरनिराळ्या अर्थांनी येते. पहिले मूळ वस्तुमान, जे विश्वभर पसरलेल्या हिग्ज क्षेत्राशी असलेल्या युग्मनातून (जोडणीतून) येते. दुसरे घटक-वस्तुमान, जे हॅड्रॉनाच्या आत प्रबल परस्परक्रियेमुळे प्राप्त होते. अप व डाउन या हलक्या क्वार्कांच्या बाबतीत या दोहोंत सुमारे सत्तर ते दीडशे पटींची तफावत पडते, आणि चुंबकीय परिबलाचा नेहमीचा हिशेब दुसऱ्यावर चालतो.

मूळ वस्तुमानाचा प्रश्न दुर्बल परस्परक्रियेच्या एका वैशिष्ट्यामुळे उद्भवतो. ही परस्परक्रिया क्वार्काच्या डाव्या परिवलन-घटकाला एका प्रकारे आणि उजव्याला दुसऱ्या प्रकारे वागवते, तर वस्तुमानाचे पद या दोन घटकांना परस्परांशी जोडते. त्यामुळे असे पद समीकरणात नुसते लिहिल्यास सिद्धांताची सममितीच मोडते. तोडगा १९६४ मध्ये फ्रांस्वा आंग्लेर व रॉबर्ट ब्राउट, पीटर हिग्ज, तसेच जेराल्ड गुरालनिक, कार्ल हेगन व टॉम किबल यांनी सुचविलेल्या यंत्रणेत सापडला. स्टीव्हन वाइनबर्ग (१९६७) आणि अब्दुस सलाम (१९६८) यांनी ती विद्युत्-दुर्बल सिद्धांतात आणली. हिग्ज क्षेत्राचे मूल्य निर्वातातही शून्य नसून सुमारे २४६ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) असते. क्वार्काचे डावे व उजवे घटक या क्षेत्राच्या मध्यस्थीने जोडले जातात आणि युग्मनाच्या बळाच्या प्रमाणात क्वार्काला वस्तुमान मिळते. टॉप क्वार्काचे युग्मन जवळजवळ १ आहे, तर अप क्वार्काचे एक लाखांशाच्या आसपास. हे आकडे असेच का, याचे उत्तर प्रमाण प्रतिमान (मूलकणांचा प्रचलित सिद्धांत) देत नाही. ते प्रयोगावरून घेतले जातात.

नाशिकच्या श्रोत्यांपुढे ही यंत्रणा मांडताना सिंहस्थात रामकुंडावरच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या महंतांचा दाखला सोयीचा वाटतो : भोवती जितके भाविक गोळा होतील तितकी चाल जड. दाखला लक्षात राहतो, पण तो घर्षण सुचवतो आणि तेथेच चुकतो. एकसमान वेगाने जाणाऱ्या कणाला हिग्ज क्षेत्र यत्किंचितही अडवत नाही. ते त्याची विराम-ऊर्जा ठरवते.

हिग्ज बोसॉन (हिग्ज क्षेत्राचा कण) सापडल्याची घोषणा सर्न या जिनीव्हाजवळील प्रयोगशाळेतील ॲटलस व सीएमएस या प्रयोगगटांनी ४ जुलै २०१२ रोजी केली. सीएमएसमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग आहे. टॉप क्वार्काचा शोध (फर्मी प्रयोगशाळा, १९९५) लावणाऱ्या दोन गटांपैकी डीझिरो या गटातही ती संस्था होती. टॉप क्वार्क आणि हिग्ज बोसॉन यांच्या गुणधर्मांच्या सैद्धांतिक अभ्यासात पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांचे काम महत्त्वाचे आहे. टॉप व बॉटम क्वार्कांशी हिग्जचे युग्मन २०१८ मध्ये प्रत्यक्ष निरीक्षणातून निश्चित झाले. अप, डाउन व स्ट्रेंज यांच्याबाबत असा थेट पुरावा अद्याप मिळालेला नाही, त्यामुळे त्यांचे मूळ वस्तुमान हिग्जमुळेच येते हे विधान भक्कम अनुमान म्हणूनच वाचावे.

आज स्वीकारली जाणारी मूल्ये साधारण अशी आहेत : अप २.२, डाउन ४.७ आणि स्ट्रेंज ९३ एमईव्ही, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (२ जीईव्ही या ऊर्जापातळीवर), चार्म १.२७ व बॉटम ४.१८ जीईव्ही (त्यांच्या स्वतःच्या पातळीवर). टॉप सुमारे १७२.५ जीईव्ही. पातळी सांगणे आवश्यक आहे, कारण ही मूल्ये ऊर्जेनुसार बदलतात. जुन्या संदर्भग्रंथांत अप व डाउन यांना प्रत्येकी तीनशेच्या घरातील मूल्य दिलेले आढळते. ते चूक नव्हे, तर घटक-वस्तुमान आहे. अप क्वार्काचे मूळ वस्तुमान शून्य असावे, असाही एक पक्ष दीर्घकाळ होता, कारण तसे असते तर प्रबल परस्परक्रियेतील सममितीचे एक कोडे आपोआप सुटले असते. जालक-गणनांनंतर (अवकाश-काळाचे जाळे कल्पून संगणकावर केलेल्या गणनांनंतर) हा पक्ष मागे पडला.

घटक-वस्तुमानाचा उगम वेगळा आहे. १९६० ते १९६१ या काळात योइचिरो नाम्बू यांनी, आणि जोव्हानी योना-लासिनिओ यांच्यासह, असे दाखविले की प्रबल परस्परक्रियेच्या निर्वातात डाव्या-उजव्या घटकांची सममिती आपसूक भंग पावू शकते. त्या वेळी क्वार्कांची कल्पनाही नव्हती. विचार न्यूक्लिऑनांचा (प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचा) होता. आजच्या भाषेत, निर्वात क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांनी भरलेला असतो आणि त्यातून जाणाऱ्या क्वार्काचे परिणामी वस्तुमान त्याच्या संवेगावर अवलंबून राहते : संवेग मोठा असता ते काही एमईव्ही इतकेच भासते, संवेग लहान होताच ३०० एमईव्हीच्या आसपास चढते. हिग्ज क्षेत्राशी या वाढीचा संबंध नाही.

प्रोटॉनाचे वस्तुमान ९३८.३ एमईव्ही असून त्यातील दोन अप व एक डाउन यांच्या मूळ वस्तुमानांची बेरीज जेमतेम ९ एमईव्ही भरते. लासलगावच्या बाजार समितीत एक क्विंटल कांदा काट्यावर चढविला, तर त्यातील क्वार्कांचे मूळ वस्तुमान सुमारे एक किलो आणि इलेक्ट्रॉनांचे ३० ग्रॅम इतकेच निघेल. बाकी सुमारे ९९ किलो क्वार्कांना बांधणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राची आणि कोंडलेल्या क्वार्कांच्या गतीची ऊर्जा आहे. हिग्ज कण 'सर्व वस्तूंना वजन देतो' हे वर्तमानपत्री विधान म्हणूनच टिकत नाही.

मात्र हा एक टक्क्याचा हिशेबही सर्वमान्य नाही. प्रोटॉनात तीन क्वार्कांबरोबर क्षणिक क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांचा समूह असतो, त्यात स्ट्रेंज क्वार्कही असतात, आणि त्यांच्या वस्तुमानपदांचा वाटाही धरावा लागतो. शिआंगदोंग जी यांनी १९९५ मध्ये सुचविलेल्या विभागणीनुसार प्रोटॉनाच्या वस्तुमानाचे चार भाग पडतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जालक-गणनेत क्वार्कांच्या वस्तुमानपदाचा वाटा सुमारे ९ टक्के, क्वार्कांच्या ऊर्जेचा ३२, ग्लुऑन क्षेत्राच्या ऊर्जेचा ३६ आणि पुंजीय विसंगतीचा (पुंज परिणामांमुळे एक सममिती मोडल्याने येणाऱ्या पदाचा) २३ टक्के आला. या मोजणीने क्विंटलातील तो एक किलो नऊ किलोंवर जातो. काही अभ्यासकांना विसंगतीचा भाग ऊर्जेहून वेगळा काढणे मान्य नाही. इतर काहींच्या मते संपूर्ण वस्तुमान मांडण्याची सरळ जागा विसंगतीचे पदच आहे. हे मतभेद बेरजेविषयी नसून तिच्या वाटणीविषयी आहेत, आणि वाटणी निवडलेल्या पद्धतीनुसार बदलते. मूळ वस्तुमाने शून्य केली तरी प्रोटॉनाचे वस्तुमान फारसे घटणार नाही, एवढ्या बाबतीत एकवाक्यता दिसते. प्रस्तुत नोंदीत तोच निकष अधिक विश्वसनीय मानला आहे. हलक्या हॅड्रॉनांची वस्तुमाने मूलभूत सिद्धांतावरून काही टक्क्यांच्या अचूकतेने काढता येतात, हे २००८ मधील जालक-गणनांनी दाखविले. प्रोटॉनापेक्षा न्यूट्रॉन १.२९३ एमईव्हीने जड आहे, तो मात्र मुख्यतः डाउन हा अपहून मुळातच जड असल्यामुळे. विद्युत् ऊर्जेचा परिणाम याच्या उलट दिशेने होतो.

चुंबकीय परिबलाचा इतिहास क्वार्कांहून जुना आहे. पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणानुसार १/२ परिवलनाच्या बिंदुवत् कणाचे परिबल त्याच्या भाराच्या सम व वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. प्रोटॉन तसा असता, तर त्याचे परिबल एक न्यूक्लीय मॅग्नेटॉन भरले असते. ओटो स्टर्न, ऑटो फ्रिश व इमानुएल एस्टरमान यांना १९३३ मध्ये हॅम्बर्ग येथे ते सुमारे अडीचपट आढळले. आजचे मूल्य २.७९३ आहे. विद्युत्भाररहित न्यूट्रॉनाचे परिबल −१.९१३ असून लुइस आल्व्हारेझ व फेलिक्स ब्लॉख यांनी ते १९४० मध्ये मोजले. नाशिकमधील रुग्णालयांत १.५ टेस्ला क्षेत्राच्या एमआरआय यंत्रात शरीरातील हायड्रोजनाची अणुकेंद्रे ६३.९ मेगाहर्ट्झ कंप्रतेला प्रतिसाद देतात, तो आकडा प्रोटॉनाच्या याच परिबलावरून येतो. ते १ असते, तर कंप्रता २३ मेगाहर्ट्झच्या आसपास राहिली असती.

क्वार्क प्रतिमानात प्रोटॉनाचे परिबल अपच्या परिबलाच्या ४/३ पटीतून डाउनच्या परिबलाचा १/३ वजा करून मिळते. दोन समान अप क्वार्कांची परिवलने एकदिश जोडली गेल्यामुळे हे गुणक येतात. अप व डाउन यांची वस्तुमाने सारखी धरल्यास न्यूट्रॉन व प्रोटॉन यांच्या परिबलांचे गुणोत्तर −२/३ निघते, आणि मोजलेले मूल्य −०.६८५ आहे. मिर्झा बेग, बेंजामिन ली व अब्राहम पाइस यांनी १९६४ मध्ये काढलेला हा निष्कर्ष क्वार्क प्रतिमानाच्या बाजूने फार वजनदार ठरला. यातच 'रंग' या गुणधर्माचा (क्वार्काच्या प्रबल परस्परक्रियेतील भाराचा) अप्रत्यक्ष पुरावाही आहे : रंग नसता तर पाउली तत्त्वामुळे (दोन समान क्वार्क एकाच स्थितीत राहू शकत नाहीत) दोन अप क्वार्कांची परिवलने परस्परविरुद्ध जोडावी लागली असती, प्रोटॉनाचे परिबल ऋण झाले असते आणि गुणोत्तर −२ आले असते.

प्रोटॉनाचे मूल्य जुळण्यासाठी क्वार्काचे वस्तुमान ३३६ एमईव्ही घ्यावे लागते. मूळ वस्तुमान वापरल्यास एकट्या अप क्वार्काचेच परिबल २८० न्यूक्लीय मॅग्नेटॉनांच्या वर जाते, जे उघडच असंभव आहे. लॅम्डा कणाच्या (अप, डाउन व स्ट्रेंज) −०.६१३ या परिबलावरून स्ट्रेंजचे घटक-वस्तुमान सुमारे ५१० एमईव्ही येते, आणि त्यावरून तीन स्ट्रेंजच्या ओमेगा-ऋण कणासाठी −१.८४ हे भाकीत मिळते. मोजलेले मूल्य −२.०२ आहे. वस्तुमान शून्य मानूनही परिबल मिळू शकते, हे १९७४ मध्ये एमआयटी येथे मांडलेल्या पिशवी-प्रतिमानाने दाखविले. तेथे वस्तुमानाची जागा कोंडीची त्रिज्या घेते आणि त्रिज्या एक फेम्टोमीटर धरल्यास प्रोटॉनाचे मूल्य सुमारे १.९ येते, म्हणजे बरेच कमी.

साध्या प्रतिमानाचे हे यश संशयाने पाहावे लागते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्नच्या युरोपीय म्युऑन गटाच्या मोजमापांतून प्रोटॉनाच्या परिवलनात क्वार्कांच्या परिवलनाचा वाटा अनपेक्षितपणे अल्प दिसला. आज तो एक-तृतीयांशाच्या आसपास मानला जातो. ज्या तरंगफलनातून परिबलांचे गुणोत्तर नेमके येते, त्याच तरंगफलनातून परिवलनाचा हिशेब चुकतो. क्वार्कांची कक्षीय गती आणि ग्लुऑन यांचा वाटा मिळवून ही विसंगती बहुतांशी उलगडते, असे मत सध्या प्रचलित आहे. जड क्वार्कांच्या परिबलांविषयीची माहिती त्रोटक आहे. टॉप क्वार्क सुमारे ५ × १०⁻²⁵ सेकंदांत क्षय पावतो, हॅड्रॉनात बांधला जाण्याआधीच. त्यामुळे त्याच्या परिबलाचा मागोवा फोटॉनासह निर्माण होणाऱ्या टॉप-जोड्यांवरून अप्रत्यक्षपणे घेतला जातो आणि त्यातून आजवर केवळ मर्यादा मिळाल्या आहेत.