सात फेऱ्या, एक दुआ: तवाफची पार्श्वभूमी

हजला किंवा उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, निघालेल्या माणसाच्या पिशवीत दोन वस्तू बहुधा असतातच: दुआंची, म्हणजे प्रार्थनांची, छोटी पुस्तिका आणि सात मण्यांची तस्बीह, म्हणजे जपमाळ. एक मणी सरकवला की काबा या मक्केतल्या पवित्र वास्तूभोवतीची एक फेरी झाली. या सात फेऱ्या म्हणजे तवाफ. पुस्तिकेत पहिल्या फेरीची दुआ, दुसऱ्या फेरीची दुआ अशी सातवीपर्यंत मांडणी असते. तस्बीह म्हणजे निव्वळ मोजणीची सोय. पुस्तिकेची गोष्ट जरा वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

तवाफ हजरे अस्वदच्या, म्हणजे काळ्या दगडाच्या कोपऱ्यापासून सुरू होतो आणि सात फेऱ्यांनंतर तिथेच संपतो. मराठीत आपण सहज 'प्रदक्षिणा' म्हणून जातो, पण दिशा उलटी आहे. देवळात देव उजव्या हाताला असतो, इथे काबा डाव्या हाताला. फेऱ्या झाल्या की मकामे इब्राहीम या काब्याजवळच्या पूज्य दगडापाशी, गर्दी असेल तर हरममध्ये, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीत, जागा मिळेल तिथे, दोन रकात (आवर्तनं) नमाज आणि मग जमजम या तिथल्याच विहिरीचं पाणी.

ही प्रथा इस्लामच्या आधीपासूनची. मुस्लिम श्रद्धेनुसार काबा बांधला तो पैगंबर इब्राहीम आणि त्यांचे पुत्र इस्माईल यांनी. पुढे तिथे मूर्ती आल्या. परंपरा ३६० हा आकडा सांगते. तवाफ चालूच होता, पण त्यात मक्केच्या कुरैश टोळीची मिरासदारी शिरली होती. बाहेरून आलेल्याने तवाफ करायचा तो कुरैशांकडून घेतलेल्या कपड्यांत, नाहीतर उघड्या अंगाने. तिथल्या प्रार्थनेबद्दल कुरआनात (८:३५) एक बोचरी ओळ आहे: शिट्ट्या आणि टाळ्या, एवढीच यांची प्रार्थना. ६३० मध्ये मक्का मुसलमानांच्या हाती आली आणि मूर्ती हटल्या. पुढच्याच वर्षी पैगंबर मुहम्मद यांचे साथीदार अबू बकर यांच्या नेतृत्वाखालच्या हजमध्ये पैगंबरांचे जावई अली यांनी जाहीर केलं की यापुढे कुणीही विवस्त्र तवाफ करणार नाही.

आज हाजी तवाफमध्ये जे करतात, त्यातल्या काही गोष्टींमागे चक्क एखादा प्रसंग उभा आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत पुरुष छाती काढून, खांदे हलवत झपझप चालतात. याला रमल म्हणतात. ६२९ मध्ये पैगंबर मुहम्मद आपल्या साथीदारांसह उमऱ्याला आले, तेव्हा कुरैशांत कुजबुज होती की यस्रिबच्या, म्हणजे मदिनेच्या तापाने ही माणसं खंगली आहेत. पैगंबरांनी साथीदारांना जोमाने चालायला सांगितलं. पण सबंध फेरीभर नाही. रुक्ने यमानी (काब्याचा यमनकडचा कोपरा) ते काळा दगड या बाजूला, जिथे काबा आड येऊन कुरैशांना काही दिसत नव्हतं, तिथे साधं चालायचं. दमलेल्या माणसांची केवढी काळजी! पुढे ६३२ च्या अखेरच्या हजमध्ये त्यांनी तीन फेऱ्या पूर्ण झपाट्याने केल्या, तेव्हा बघायला शत्रू उरलाच नव्हता. खलिफा उमर यांनी नंतर हा प्रश्न उघडपणे विचारला: आता ही ताकद दाखवायची कुणाला? आणि उत्तरही त्यांनीच दिलं की पैगंबरांनी केलं ते आम्ही सोडणार नाही. काळ्या दगडाबद्दलचं त्यांचं बोलणं याच जातीचं. तू एक दगड आहेस, तुझ्याकडून ना नफा ना नुकसान, पैगंबरांना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं.

दुसरी खूण पैशांच्या तुटीची आहे. साधारण ६०५ मध्ये कुरैशांनी काबा नव्याने बांधायला घेतला आणि व्याजाचा, वाममार्गाचा पैसा त्यात घालायचा नाही असं ठरवलं. शुद्ध पैसा पुरला नाही. उत्तरेकडचा तुकडा भिंतीबाहेर ठेवावा लागला. आज तिथे जी अर्धगोल, छातीएवढी भिंत दिसते तो हतीम. तो मूळ काब्याचाच भाग, म्हणून फेरी त्याच्या बाहेरून घ्यायची. मधून गेलात तर ती धरली जात नाही. हाताने स्पर्श दोनच कोपऱ्यांना करतात, त्याचंही कारण हेच सांगितलं जातं: उरलेले दोन कोपरे इब्राहीमच्या पायावर नाहीत. ६८३ मध्ये मक्केला पडलेल्या वेढ्यात काबा जळाला, तेव्हा मक्केची सत्ता हाती असलेल्या अब्दुल्ला इब्न जुबैर यांनी तो हतीम आत घेऊन बांधला. ही हकिगत त्यांनी आपल्या मावशीकडून, पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्याकडून ऐकली होती. ते चारही कोपऱ्यांना हात लावत अशी नोंद आहे. दहाएक वर्षांत ते मारले गेले आणि त्यांना हरवणाऱ्या उमय्या सेनापती हज्जाजने बांधकाम पुन्हा कुरैशांच्या मापावर आणलं. आजच्या भिंती १६३० च्या, पुरानंतर उस्मानी सुलतान चौथा मुराद याच्या काळात उभारलेल्या; माप तेच.

आता दुआ. रुक्ने यमानी आणि काळा दगड यांच्यामधल्या टप्प्यात पैगंबर एक दुआ म्हणत: 'रब्बना आतिना फिद्दुनिया हसनतंव् व फिल् आखिरति हसनतंव् व किना अजाबन्नार.' हे पालनकर्त्या, आम्हांला या जगात भलं दे, परलोकातही भलं दे आणि आगीच्या यातनेपासून वाचव. कुरआनात ही ओळ (२:२०१) हजच्याच संदर्भात येते. तिच्या आधीच्या आयतीत म्हटलंय की विधी आटोपल्यावर वाडवडिलांची आठवण काढता तशी, किंबहुना त्याहून जास्त, अल्लाहची आठवण काढा. काळ्या दगडासमोर येताना 'अल्लाहू अकबर' म्हणायचं, तेवढंच. बाकी वाटेत ज्याला जे मागायचंय ते त्याने आपल्या भाषेत मागावं. कोकणी मुसलमान बाई मनातल्या मनात कोकणीत बोलली तरी चालतं. चौदाव्या शतकात इब्न तैमिया या धर्मपंडितांनी स्पष्ट लिहिलं की पैगंबरांनी तवाफसाठी ठरावीक जिक्र, म्हणजे नामस्मरणाचे शब्द, नेमून दिलेला नाही.

मग फेरीवार दुआ आल्या कुठून? त्या लोकांनी नंतर रचल्या आणि रुळवल्या, त्यात वाटाड्यांचा हात मोठा. अरबी न येणारा माणूस परक्या गावात गोंधळतो. त्याला पुढे कुणीतरी मोठ्याने म्हणणारा हवा असतो. मक्केत हा पेशाच झाला. त्यांना मुतव्विफ म्हणतात, म्हणजे तवाफ करवणारा. आपल्याकडचे हाजी त्यालाच मुअल्लिम म्हणतात. १४८० मध्ये इजिप्तचा मामलुक सुलतान काइतबाय हजला आला, तेव्हा मक्केचे काझी पुढे दुआ म्हणत होते आणि सुलतान मागून, असं सांगतात. पुढे घराण्यांनी देशवार यात्रेकरू वाटून घेतले. आपल्याकडे क्षेत्रोपाध्ये गावांवरून यजमान ओळखतात, त्याची आठवण यावी असाच हा कारभार. मुंबईहून जेद्द्याला हाजींची बोट १९९५ पर्यंत जात होती. तिथे उतरलेल्या माणसाचा पहिला आधार हा मुअल्लिमच. छापखाने आल्यावर त्याच्या तोंडच्या दुआ पुस्तिकेत गेल्या. पुस्तिका वाचणं चूक नाही, पण तिच्यातलं पान हरवलं म्हणून फेरी बिघडत नाही, हे नवख्या हाजीला कुणीतरी सांगायला हवं.

मताफच्या, म्हणजे तवाफच्या फरशीवर पूर्वी काळ्या दगडाच्या रेषेत एक तपकिरी पट्टी होती, फेरी कुठे सुरू करायची ते कळावं म्हणून. लोक नेमके तिच्यावर थांबायचे, मागून लोंढा आदळायचा. पट्टी काढून टाकली. आता बाजूच्या भिंतीवरचा हिरवा दिवा पाहायचा, हात उचलून 'अल्लाहू अकबर' म्हणायचं आणि पुढचा मणी सरकवायचा.