अळू खवखवतं ते कशानं?

श्रावणात आमच्या परसातलं अळू गुडघ्याच्या वर येतं. पाऊस नुकताच थांबलेला असतो, सगळं अंगण निथळत असतं, पण अळवाचं एकही पान भिजलेलं दिसत नाही. पाणी पाऱ्यासारखं गोळा होऊन पानाच्या खळग्यात डुगडुगतं आणि देठाला जरा हात लागला की घरंगळून जातं. 'अळवावरचं पाणी' म्हणजे काय, ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचा कणीदार थर असतो. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, खाली हवा राहते, आणि पान कोरडं ते कोरडंच. बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाच्या स्वच्छतेवर जो गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अळवाचं पानही तपासलं होतं. घरंगळणारा थेंब धूळ आणि बुरशीचे बीजाणू आपल्याबरोबर घेऊन जातो, म्हणून चिखलात वाढूनही अळू इतकं लखलखीत असतं.

मला मात्र अळवाच्या दुसऱ्या गुणाबद्दल लिहायचंय. त्याच्या खाजेबद्दल.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी अळूचं फदफदं केलं होतं. चिंच सासूबाईंनी सांगितली तेवढीच घातली होती, तरी पहिल्याच घासाला सगळ्यांचा घसा खवखवला. सासूबाईंनी पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, अळवाला उकळी नाही, शिजणं लागतं." चिंचेनं खाज जाते असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. मग चिंच असूनही खाज राहिली कशी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात होता.

उत्तराचा अर्धा भाग मी बी.एस्सी.ला असताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. अळवाच्या देठाचा पातळ काप काचपट्टीवर ठेवून पाण्याचा थेंब सोडला, की काही पेशी वेगळ्याच दिसतात: लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, आणि आत सुयांची जुडी भरलेली. थोडा धीर धरला तर त्या पेशीच्या टोकातून एकेक सुई बाहेर फेकली जाताना दिसते. पेशी पाणी शोषून फुगते आणि सुया सुटतात. या सुया कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या स्फटिकांच्या असतात. शास्त्रात त्यांना रॅफाइड म्हणतात. लांबी जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहून कमी, पण जिभेच्या आणि घशाच्या मऊ त्वचेत शिरायला तेवढी पुरते.

'ऑक्झॅलिक आम्लामुळे खाजतं' असं सर्रास म्हटलं जातं. ते मला पटत नाही. पालकात ऑक्झॅलेट, म्हणजे याच आम्लाचा क्षार, भरपूर असतं, पण पालक खाऊन कुणाचा घसा धरत नाही. आंबट चुक्याचा आंबटपणाच मुळी ऑक्झॅलिक आम्लाचा असतो, आणि आपण तोच चुका अळवाच्या भाजीत खाज मारायला म्हणून घालतो! विरघळलेलं ऑक्झॅलेट टोचत नाही. टोचते ती सुई.

पण नुसती सुईही पुरेशी नसते. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी किवीच्या फळातल्या अशाच सुया एरंडाच्या पानांना लावून एरी रेशमाच्या अळ्यांना खाऊ घातल्या. नुसत्या सुयांनी अळ्यांचं फारसं काही बिघडलं नाही. प्रथिनं तोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम (तेही एक प्रथिनच), नुसतं दिलं तरी विशेष फरक पडला नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र अळ्या मेल्या. सुई भोक पाडते आणि विकर त्या भोकातून आत जाऊन काम करतं. अळवाच्या सुयांबरोबरही असंच प्रथिन असतं असं संशोधनातून दिसलंय. म्हणजे वनस्पतीनं पान खाणाऱ्या जनावरासाठी इंजेक्शनच तयार ठेवलेलं असतं.

आता चिंचेकडे येऊ. महाविद्यालयातल्या प्रयोगात हे स्फटिक ओळखायची एक जुनी खूण शिकवतात: ते ऍसिटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लात, विरघळत नाहीत, हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतात. चिंचेतलं टार्टारिक आम्ल हायड्रोक्लोरिकच्या जवळपासही जात नाही. तेव्हा चिंचेच्या कोळानं सुया विरघळतात ही समजूत सोडून द्यावी लागते. प्रथिनाची गोष्ट वेगळी. उष्णतेनं त्याची घडी मोडते, आंबट पाण्यात ती बहुधा आणखी लवकर मोडते, आणि एकदा मोडली की सुईबरोबरचं विष उतरतं. खूप वेळ शिजून पान पार गळलं की उरलेल्या सुयाही त्या लगद्यात गुरफटून राहतात. मुख्य काम आचेचं आणि वेळेचं, चिंच मदतनीस. माझ्या त्या पहिल्या भाजीत मदतनीस हजर होता, पण काम झालंच नव्हतं.

म्हणून आता मी अळू कुकरमध्येच शिजवते. बंद कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, उघड्या पातेल्यात ते १०० वरच थांबतं. चौघांसाठी भाजीच्या अळूची आठ-दहा पानं, देठं सोलून. चिरताना हाताला तेल लावायचं. चुक्याची अर्धी जुडी. पाव वाटी हरभऱ्याची डाळ आणि तेवढेच शेंगदाणे, तीन-चार तास भिजवलेले. डाळ-दाणे अळवाबरोबर न घालता वेगळ्या भांड्यात ठेवते, कारण आंबटात डाळ शिजत नाही हा घरोघरचा अनुभव खराच आहे. डाळीच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सहज सुटत नाही, डाळ टणकच राहते. चार-पाच शिट्ट्या झाल्या की पान डावानं घोटलं तरी मोडतं. मग त्यात डाळ-दाणे, खोबऱ्याचे काप, पाण्यात कालवलेलं दोन चमचे बेसन, चिंचेचा कोळ, गूळ आणि मीठ. बेसनातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि पाणी एकीकडे, पाला एकीकडे असं होऊ देत नाही.

भाजीचा रंग शेवाळी होतो तो आंबटामुळे. हिरव्या रंगद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आम्लात तो निघून जातो आणि हिरवा रंग मळतो. रंग टिकावा म्हणून कुणी चिमूटभर सोडा घालतं. घालू नये. जीवनसत्त्वं जातात आणि भाजीला साबणासारखी चव येते.

आता फोडणी. उघड्या भांड्यात पाणी कितीही उकळलं तरी १०० अंशांच्या पुढे जात नाही, तेल सहज १७०-१८० पर्यंत चढतं. शिवाय मसाल्याचे बहुतेक वास आणि हळदीचा रंग पाण्यात नाही, तेलात विरघळतात. मोहरी आधी पडते, कारण स्वयंपाकघरात तीच तापमापक असते. दाण्यातल्या ओलीची वाफ होते, साल फुटतं, आणि तेल तयार झालं हे कानाला कळतं. लोणच्यात फेसलेली मोहरी नाकात जाते, फोडणीतली मात्र शेंगदाण्यासारखी खमंग लागते. दाणा पाण्यात वाटला की त्यातलं एक विकर तिखट द्रव्य तयार करतं. गरम तेलात ते विकर मरतं, तिखटपणा तयारच होत नाही.

मोहरीमागून मेथीदाणे, सात-आठ, जास्त नाहीत. ते तांबूस व्हायला हवेत. काळे झाले तर सगळी भाजी कडवट होते आणि मग गूळ घालून काही उपयोग होत नाही. हिंग आणि हळद शेवटी, गॅस बंद करून. डबीतल्या हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, तो क्षणात करपतो. हिंगाचा उग्र दर्प गंधकाच्या द्रव्यांचा असतो. गरम तेलात तो निवळतो आणि कांदा-लसणाच्या जवळचा वास येतो. ज्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो, त्या घरात हिंगाला इतका मान का, ते यावरून कळतं.

ही फोडणी भाजीवर ओतली की चर्र आवाज होतो आणि तेल बारीक थेंबांनी वर पसरतं. प्रत्येक थेंब वासानं भरलेला असतो. त्याच तेलाचा आणखी एक उपयोग: अळवात बीटा कॅरोटीन भरपूर असतं, त्यातून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि ते शोषलं जायला स्निग्ध पदार्थ लागतो. म्हणून अळवाची भाजी बिनतेलाची करण्यात काही शहाणपण नाही.

ज्यांना मूतखड्याचा त्रास झालाय त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अळू खाऊ नये. बाकीच्यांनी सोबत ताक किंवा दही जरूर घ्यावं. त्यातलं कॅल्शियम विरघळलेल्या ऑक्झॅलेटला पोटातच पकडतं आणि ते रक्तात न जाता बाहेर पडतं. ताकातलं अळू करणाऱ्या घरांत हे आपोआपच होत आलंय.

भाजी उरली तर दुसऱ्या दिवशी ती आळून घट्ट होते. आम्ही तिच्यात गरम पाणी घालून एक उकळी आणतो आणि वरून पुन्हा थोडी फोडणी देतो, या खेपेला सुक्या लाल मिरचीची. सासूबाईंना पहिल्या दिवसापेक्षा हीच जास्त आवडते, गरम भातावर, मध्ये खळगा करून.