४,१६,००४
चार लाख सोळा हजार चार ही सहा अंकी सम संख्या कोल्हापूरकरांच्या ओळखीची आहे ती शिवाजी विद्यापीठाच्या पत्त्यातील पिनकोड म्हणून. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. ४१६ हे पहिले तीन अंक कोल्हापूरप्रमाणेच सांगली आणि सावंतवाडीच्या पिनकोडांतही येतात. ४,१६,००० या संख्येला १३ ने पूर्ण भाग जात असल्याने या साऱ्या पिनकोडांना १३ ने भागल्यास उरणारी बाकी केवळ शेवटच्या तीन अंकांवरून सांगता येते. येथे ती ४ आहे.

या संख्येचे मूळ अवयव २ × २ × ३ × ३४,६६७ असे असून तिला एकूण १२ विभाजक आहेत. स्वतः ती संख्या वगळता उरलेल्या विभाजकांची बेरीज ५,५४,७०० भरते, म्हणजे मूळ संख्येहून जास्त. हा गुण तिला १२ कडून मिळालेला आहे, कारण १२ च्या बाबतीतही १ + २ + ३ + ४ + ६ = १६ होतात आणि १२ च्या सर्व पटींत हे आधिक्य टिकते.

दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेच्या रूपात ४,१६,००४ मांडता येत नाही, आणि याची सिद्धता शाळकरी मुलालाही समजावी इतकी सुबक आहे. कोणत्याही वर्गाला ३ ने भागल्यास बाकी ० किंवा १ उरते. त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेला ३ ने भाग जायचा तर दोन्ही वर्गांना ३ ने, आणि म्हणून ९ नेही, भाग गेला पाहिजे. पण येथे अंकांची बेरीज १५ आहे, म्हणजे संख्येला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. तीन वर्ग घेतले की मात्र अडचण सुटते: ६४४, २८ आणि २२ यांच्या वर्गांची बेरीज नेमकी ४,१६,००४ येते.

तिचा सर्वांत वेधक गुण देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या प्रक्रियेत दिसतो. या प्रक्रियेत अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करतात आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा पुन्हा करतात. चार अंकी संख्या, सर्व अंक सारखे नसल्यास, अखेर ६१७४ वर येऊन थांबतात. सहा अंकी संख्यांना असा एकच मुक्काम नाही: काही ५,४९,९४५ वर वा ६,३१,७६४ वर स्थिरावतात, तर काही सात संख्यांच्या एका चक्रात अडकतात. ४,१६,००४ पहिल्याच वजाबाकीत या चक्रात शिरते: ६,४४,१०० − १,४४६ = ६,४२,६५४. त्यानंतर ४,२०,८७६, ८,५१,७४२, ७,५०,८४३, ८,४०,८५२, ८,६०,८३२ आणि ८,६२,६३२ असा फेरा पूर्ण होऊन पुन्हा ६,४२,६५४ येते. अंकांची अदलाबदल करून ४,१६,०४० किंवा ६,४०,१४० यांपासून सुरुवात केली तरी पहिली वजाबाकी हीच राहते. विद्यापीठाचा पिनकोड लिहिताना अंक मागेपुढे झाले तर पत्र भलतीकडे जाईल, कापरेकरांच्या चक्राला मात्र त्याने काही फरक पडत नाही.