कोकणी कथांमधलं प्रेम आणि झपाटलेपण

कोकण किनाऱ्यावर घडणाऱ्या मराठी कादंबऱ्या, सिनेमे आणि मालिकांमध्ये एखाद्या माणसाचं दुसऱ्या माणसासाठी वेडं होणं हा विषय परत परत येतो. मुंबईच्या गोष्टीत असलं लफडं फ्लॅटचं दार लावून चालतं, इथे ते वाडीत सगळ्यांना माहीत असतं आणि तोंडावर कोणी बोलत नाही, खरा ताण तिथला आहे.

जुनं ठळक उदाहरण म्हणजे श्री. ना. पेंडसे यांची कादंबरी 'गारंबीचा बापू' (१९५२). दापोलीकडच्या सुपारीच्या मुलखात बापू गावाला फाट्यावर मारून राधेबरोबर राहतो. पण हे झपाटलेपण नाही, राधेची स्वतःची मर्जी आहे त्यात, म्हणून गाव विरोधात असूनही वाचणारा त्या दोघांच्या बाजूने होतो. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'मध्ये मामला वेगळाच. तिथे वासना, देव आणि भीती यांची अशी गुंतवळ होते की सोडवता येत नाही. श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये त्यावर सिनेमा केला. कोंडुरा नावाची जागा वेंगुर्ल्याजवळ खरंच आहे, समुद्राला लागून.

अलीकडचं म्हणाल तर 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका. झी मराठीवर २०१६ मध्ये पहिला भाग, २०१९ मध्ये दुसरा (त्यात मागची गोष्ट), २०२१ मध्ये तिसरा. शूटिंग कुडाळ तालुक्यातल्या आकेरीत झालं, आणि मग लोक मालिकेतला वाडा बघायला गाड्या काढून यायला लागले. अण्णा नाईकांची नजर पाटणकरांच्या बायकोवर, शेवंतावर पडते आणि मग घर, पैसा, बायको-पोरं कशाचंच भान राहत नाही. शेवंता मेली तरी विषय संपत नाही, ती भूत होऊन मागे लागते. ही खास इथली सोय आहे, ज्याच्यापायी एखादी जिवानिशी गेली त्याच्याकडून हिशोब घ्यायला कोर्ट लागत नाही.

मला विचाराल तर मालिकेतलं सगळ्यात खरं पात्र माई, अण्णांची बायको. नवरा कुठे जातो ते तिला पक्कं ठाऊक, तरी पोरांना वेळेवर जेवायला वाढायचं आणि देवापुढे हात जोडायचे. घरगडी पांडूचं सारखं 'इसरलंय' (विसरलो) म्हणणं लोकांनी विनोद म्हणून घेतलं, पण त्या घरात जगायला विसरण्यासारखी दुसरी युक्ती नाही.

मालिका सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गात ओरड झाली ती भुताखेतांवरून, कोकणाची बदनामी होते म्हणून. पुढे अण्णा-शेवंताचे मीम घरोघरी पोचले आणि दुसऱ्याच्या बायकोच्या मागे लागणारा, वाटेत येईल त्याला संपवणारा माणूस ग्रुपवर चक्क रोमँटिक हिरो झाला. कॅमेरा शेवंतावर जेवढा रेंगाळतो तेवढा माईवर नाही, त्यामुळे हा दोष निव्वळ बघणाऱ्यांचा म्हणता येत नाही.